भाऊसाहेब फिरतीवर आहेत

तलाठी सजाच्या ऑफिसला कुलूप नसतं. कुलूप दिसलं तर माणूस निदान घरी तरी जाईल. दार उघडं, पंखा चालू, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, आणि खुर्चीत कोणी नाही. दारात बसलेला कोतवाल तंबाखूवरची नजर न काढता सांगतो, "भाऊसाहेब फिरतीवर आहेत." कुठे? "फिरतीवर." तालुक्याच्या नकाशात फिरती नावाचं एखादं गाव असावं आणि राज्यातले सगळे तलाठी तिथे एकमेकांना भेटत असावेत, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

आजोबांच्या नावावरची जमीन वारसांच्या नावावर करायची म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेलो. गाव कुठलं ते सांगत नाही. फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे.

भाऊसाहेब तिसऱ्या खेपेला भेटले. तलाठी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर धोतर, काळी टोपी आणि कानावर पेन असा कोणीतरी यायचा. कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली, पण डोक्यातला कुलकर्णी गेला नव्हता. समोर बसला होता सव्वीस वर्षांचा मेकॅनिकल इंजिनियर. पाठीवर सॅक, मनगटावर स्मार्टवॉच. टॉवेल त्याचा नव्हता. मागच्या भाऊसाहेबांचा तो, चार्जमध्ये आला.

2023 च्या भरतीत 4644 जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते. त्यातून हा पार झाला. गावाकडे फ्लेक्स लागला, आईने पेढे वाटले. परीक्षेत त्याला बुद्धिमापन, इंग्रजी व्याकरण, सामान्य ज्ञान असं सगळं विचारलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी एकच प्रश्न आला, "भाऊसाहेब, बांध कुणाचा?" त्याचं उत्तर कुठल्याच गाइडमध्ये नव्हतं. मोजणी माझ्याकडे नसते, ती भूमी अभिलेखवाल्यांकडे, हे तो दिवसातून सात वेळा सांगतो. गावाला ते पटत नाही. कागद ज्याच्याकडे, जमीन त्याच्याकडे, असा गावाचा हिशेब. प्रत्यक्षात या माणसाच्या स्वतःच्या नावावर कुंडीतली तुळससुद्धा नाही.

सरकारने 2024 मध्ये तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. पाटी नवी रंगवली. ओळीत मावेना म्हणून 'अधिकारी' खाली गेला. गावाने मात्र ही नोंद अजून मंजूर केलेली नाही. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे भाऊसाहेबच म्हणतात. त्याचं खरं नाव कोतवालालाही आठवून सांगावं लागलं.

दोन वर्षांत या मुलाची भाषा बदलली. गाव नमुने एकवीस. त्यातला सातवा हक्काचा आणि बारावा पिकांचा, ते जोडून सातबारा. सहावा फेरफाराचा. आता त्याला माणसं दिसत नाहीत, गट नंबर दिसतात. "तो उंच, चष्मेवाला?" असं विचारलं तर तो गोंधळतो. "दोनशे चौदा, सामाईक, विहिरीत चौथा हिस्सा" म्हटलं की लगेच ओळखतो. घरी कोणाचं चालतं असं त्याला एका लग्नात कोणी विचारलं, तर म्हणाला, "कब्जेदार सदरी आई. एकत्र कुटुंब मॅनेजर वडील. माझं नाव इतर हक्कात आहे." शिवाय वर गाडीच्या कर्जाचा बोजा. त्याला स्थळ आलं तेव्हा मुलीचा फोटो उघडण्याआधी त्याने तिच्या वडिलांचा आठ-अ खातेउतारा उघडून पाहिला म्हणे. हेतू वाकडा नव्हता. हाताला सवय.

मी बसलो होतो तेव्हा एक आजी आल्या. पिशवीतून कागद निघाले, त्यात एक लाइट बिल आणि एक लग्नपत्रिकाही. म्हातारा जाऊन अकरा वर्षं झालेली. सातबाऱ्यावर तो अजून मालक.

"आजी, मृत्यूचा दाखला?"

"अरं, सारं गाव होतं की मातीला. तुझा कोतवाल पण होता."

कोतवालाने मान डोलावली. भाऊसाहेबांनी कीबोर्डवर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, कॉम्प्युटर नव्हता."

मग डोंगल लावला. स्क्रीनवर गोल फिरायला लागलं. आजी त्या गोलाकडे भक्तिभावाने बघत राहिल्या. पाच मिनिटांनी सर्व्हर गेला. भाऊसाहेबांनी डोंगल काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. हे अभियांत्रिकीच्या चार वर्षांत शिकवत नाहीत. आजींनी पिशवीतून मूठभर शेवग्याच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. तो नको नको म्हणत राहिला, कोतवालाने त्या उचलून खुंटीच्या पिशवीत टाकल्या.

2025 मध्ये सरकारने जिवंत सातबारा नावाची मोहीम काढली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. तेव्हा कळलं की भाऊसाहेबांच्या खातेदारांत मेलेल्यांची चांगलीच भरती आहे. मेलेले बरे, तो म्हणतो. वाद घालत नाहीत. वारस घालतात. मुंबईच्या चुलत्याची सही, पुण्याच्या आत्याचं हक्कसोड, आणि एक भाऊ जो वीस वर्षांपूर्वी रुसून सुरतेला गेला तो. तलाठी नुसती नोंद धरतो. मग महसूल कायद्याच्या कलम 150 ची नोटीस, पंधरा दिवस वाट, कोणी तक्रार केली नाही तर सर्कल ऑफिसर मंजूर करणार. पण शिव्या ज्याचं दार जवळ त्याला.

त्याची खरी परीक्षा मात्र गारपिटीनंतर. मदतीला नुकसान किमान तेहेतीस टक्के लागतं. द्राक्षाच्या बागेत चिखलात उभा राहून त्याने ठरवायचं, हे बत्तीस की तेहेतीस. शेतकरी शेजारी उभा, बोलत नाही. मणी सगळे खाली. फोटो काढायला मोबाइल वर केला की तो शेतकरी नकळत टोपी नीट करतो. भाऊसाहेबांना हे बघवत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं. आकडा काय टाकला ते मी विचारलं नाही. एवढ्यात खिशातला मोबाइल वाजतो. ग्रुपवर तहसीलचा निरोप: अमुक माहिती आज दुपारी 3 पर्यंत तात्काळ सादर करावी. वाजलेले असतात दोन पन्नास. बागेत उभ्या उभ्याच भाऊसाहेब टाइप करतात, "निरंक". हा शब्द त्याने आयुष्यात 'आई'पेक्षा जास्त वेळा लिहिला असेल.

फिरती म्हणजे काय ते मग कळत गेलं. ई-पीक पाहणीचं ॲप बंद पडलं की फिरती. मतदार यादी आली की फिरती. मंत्री येणार म्हटलं की हेलिपॅडपाशी फिरती. रात्री नदीवर वाळूचे ट्रॅक्टर अडवायचे, तीही फिरती. नंबरप्लेट नसलेल्या ट्रॅक्टरवरून आवाज येतो, "भाऊसाहेब, जेवलात का?" या प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलेले तलाठी दवाखान्यात जाऊन आलेले आहेत.

आता पैशांचं. लाचेच्या सापळ्याच्या बातम्यांत तलाठी वरचेवर असतो, हे खोटं कशाला बोला. माझ्याकडे या पोराने काही मागितलं नाही. पण मला सहा खेपा घालायला लावल्या. एसटीचं भाडं आणि समोरच्या टपरीवरचा चहा धरला तर प्रामाणिकपणा मला बराच महाग पडला.

शेवटच्या खेपेला तो मोकळा बोलला. त्याच्या गावाकडची सव्वा एकर अजून त्याच्या मयत आजोबांच्याच नावावर आहे. तिथला तलाठी फिरतीवर असतो.

तर नुसता सातबारा हवा असेल तर तिकडे जाऊच नका. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. वारस नोंदच असेल तर बाजाराचा दिवस टाळा, सकाळी दहाला टपरीवर बसा, आणि आधारच्या झेरॉक्स दोन न्या. एक हरवते.