सूर्यमालेची ‘क’ प्रत

तात्यांना आकाशाची आवड आहे म्हणणं म्हणजे तलाठ्याला शेतीची आवड असते म्हणण्यासारखं आहे. त्यांना आवड एकच, मोजणीची. भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं भूकरमापक म्हणून त्यांनी बांध तुडवले. सख्ख्या भावांनी समोरासमोर कोयते काढले, तरी हातातली साखळी खाली ठेवली नाही, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्तीनंतर दोन वर्षांत आमच्या सोसायटीतलं मोजण्याजोगं सगळं संपलं. पार्किंगचे पट्टे झाले, जिन्याच्या पायऱ्या झाल्या, शेजारच्या बिल्डिंगची आमच्या हद्दीत सरकलेली भिंतही झाली (अकरा इंच, आणि तो विषय अजून मिटलेला नाही). अशात एका कॉलेजात शनिवारी-रविवारी सूर्यमालेची प्राथमिक ओळख करून देणारा वर्ग सुरू होतोय, वयाची अट नाही, मी नाव घातलंय, असं मी जिन्यात सहज बोलून गेलो.

“क्षेत्र किती?” तात्यांनी विचारलं.

“कशाचं?”

“सूर्यमालेचं.”

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फी भरली.

वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं, आणि शिकवायला अठ्ठावीसच्या आसपासची प्राध्यापिका. पोरं तिला मॅडम म्हणायची, तात्या बाई म्हणायचे. पहिल्याच तासाला बाईंनी पडद्यावर चित्र लावलं. डाव्या कडेला सूर्याचा नारिंगी तुकडा आणि पुढे पंगतीला बसल्यासारखे आठ ग्रह, एकमेकांना कोपर लागेल इतके जवळ.

तात्यांचा हात वर. “बाई, हरकत आहे.”

“बोला ना काका.”

“नकाशाला स्केल कुठंय?”

“हे स्केलवर नाहीये काका. नुसतं समजायला.”

नुसतं समजायला! एका आण्याच्या चुकीपायी लोक तीन पिढ्या कोर्टात गेलेले या माणसाने पाहिलेत. (आणा म्हणजे साखळीतला. त्यांची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. मीटर सरकारने आणला, तात्यांनी तो फक्त सहन केला.) तात्या खाली बसले, वहीत ते चित्र हुबेहूब काढलं आणि त्यावर लाल पेनाने ‘अमान्य’ असं लिहून तारीख घातली.

प्लूटोच्या तासाला तर त्यांनी वर्गच ताब्यात घेतला. २००६च्या ऑगस्टमध्ये प्रागला जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी मतदान घेतलं आणि प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला, एवढं बाईंनी सांगितलं मात्र.

“नोटीस बजावली होती?”

“कुणाला?”

“कब्जेदाराला. १९३० पासून नाव लागलंय म्हणता. शहात्तर वर्षांची वहिवाट. नोटिशीशिवाय नाव कमी होतं कसं?”

बाईंनी शांतपणे तीन अटी सांगितल्या. सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या वजनाने गोल झालेलं हवं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला हवा. प्लूटो तिसऱ्या अटीत अडकला. त्याच्या वाटेवर इतर बर्फाळ गोळे पुष्कळ आहेत.

“म्हणजे अतिक्रमण.”

“हो, म्हणजे... तसंच म्हणा.”

“अतिक्रमण दुसऱ्यांनी करायचं आणि नाव याचं कमी व्हायचं! वा! हा निकाल पुण्यात लावून बघा. एकाच्या नावावर जमीन राहायची नाही.”

पुढे बाईंनी सांगितलं की प्लूटोकडे निघालेलं न्यू होरायझन्स यान त्याच वर्षी जानेवारीत सुटलं होतं आणि २०१५च्या जुलैत पोचलं. निघताना ग्रह होता, पोचेपर्यंत नव्हता. तात्यांचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला. “हे आमच्याकडे नेहमीचं. मोजणीदार बांधावर पोचेस्तोवर मालक बदललेला असतो.”

बाकी विषय त्यांनी पटापट खात्यात जमा केले. शनीचे १२८ नवे चंद्र २०२५च्या मार्चमध्ये मान्य झाले आणि एकूण आकडा २७४वर गेला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “वारसनोंद. आता वाटणी होत नाही.” केपलरवर मात्र त्यांचा जीव जडला. ग्रह सूर्याजवळ आला की जोरात पळतो, लांब गेला की रेंगाळतो, पण सारख्या वेळात सारखंच क्षेत्र कापतो, हे केपलरने १६०९ साली लिहिलं. “क्षेत्रफळ धरलं त्यानं,” तात्या मला बसस्टॉपवर सांगत होते. “अंतर बदलू दे, वेग बदलू दे, क्षेत्र पक्कं. हा माणूस आमच्या खात्यात असता तर निम्मे दावे उभेच राहिले नसते.”

तरी ते ‘अमान्य’ चित्र त्यांना छळत होतं. गणपती झाले, मंडईत पपनसं अजून होती, आणि एका रविवारी सकाळी सात वाजता तात्यांनी माझी बेल वाजवली. हातात पपनस, खिशात टेप. “चला. मोजणी आहे.”

प्रमाण त्यांनी रात्रीच काढलं होतं. एक सेंटिमीटरला एक लाख किलोमीटर. सूर्य चौदा सेंटिमीटरचा, म्हणून चाळीसातून निवडलेलं पपनस. ते सोसायटीच्या गेटच्या खांबावर बसलं. बाकीचे ग्रह काकूंच्या डब्यांतून आले होते आणि काकू गॅलरीतून बघत होत्या. पावणेसहा मीटरवर बुध, रव्याचा एक कण. पावणेअकरावर शुक्र, राजगिऱ्याचा दाणा. पंधरा मीटरवर पृथ्वी, तोही राजगिराच. (“अहो, एकादशीला लागतो तो!” काकू वरून. “एक दाणा घेतलाय!” तात्या खालून.) तेवीसला मंगळ, खसखशीचा कण. प्रत्येक दाणा वेगळ्या कार्डावर गोंदाने चिकटवलेला, कार्डावर गट नंबर.

पृथ्वीच्या कार्डावर मिठाचा एक कणही होता, चार सेंटिमीटरला जरा कमी अंतरावर. तो चंद्र. तात्यांनी दोन बोटं राजगिरा आणि मिठाच्या मधे टेकवली. “माणूस आजवर एवढा लांब गेलाय,” ते म्हणाले, आणि बोटं तिथेच ठेवून थोडा वेळ ओणवे राहिले. गुडघा धरला असावा असं मला वाटलं.

तेवढ्यात तळमजल्यावरचे जोशीबुवा आले. ते पत्रिका बघतात. “राहू-केतू कुठायत?”

“बाईंना विचारलं होतं. चंद्राची वाट आणि सूर्याची वाट एकमेकींना कापतात, ते दोन बिंदू. बिंदूला क्षेत्र नसतं. सातबारा निघत नाही.”

बुवा निघून गेले. दोघांची बोलाचाली अजून बंद आहे.

मंगळाच्या पुढे मात्र चालणं सुरू झालं. गुरू म्हणजे एक काचेची गोटी, अठ्ठ्याहत्तर मीटरवर. शनी, भिजवलेला काबुली चणा, एकशे त्रेचाळीसवर, इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी. तो आम्ही ठेवला आणि पाठ वळवली तर कबुतराने खाल्ला. तात्यांनी तिथल्या तिथे पंचनामा लिहिला, पंच मी आणि इस्त्रीवाला, आणि राखीव शनी खिशातून काढला. मग मिरीचा दाणा हर्षल, दोनशे सत्त्याऐंशी मीटरवर, आणि आणखी एक मिरी नेपच्यून, साडेचारशेवर, अमृततुल्याच्या दारात. तिथून तात्यांनी मागे वळून बघितलं. पपनस दिसत नव्हतं. गेटसुद्धा धड दिसत नव्हतं.

“मधे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“काहीच नाही. खातेदार आठ, आणि बाकी सगळा पोटखराबा.” चहा येईपर्यंत ते पुन्हा बोलले नाहीत. तात्या गप्प बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

चहानंतर पुन्हा ताळ्यावर आले. “आता शेजारी. लगतधारकाशिवाय मोजणी पुरी होत नाही.” सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. याच प्रमाणात तो कुठे येतो हे त्यांनी बिलाच्या पाठीवर काढलं. साधारण चार हजार वीस किलोमीटर. त्यांनी मोबाइल काढून सिंगापूरला मुलाला फोन लावला.

“हां, झोपला होतास? बरं, एक काम आहे. तुझ्या घरापासून पुढे सव्वादोनशे किलोमीटर जायचं. आग्नेयेला. पपनसापेक्षा लहान काहीतरी ठेवायचंय, लिंबू चालेल... समुद्र आहे? मग होडी बघ... अरे, मस्करी कसली?” फोन ठेवून ते मला म्हणाले, “नाही म्हणतोय. लगतधारक गैरहजर, असा शेरा मारू.”

नोव्हेंबरात बाईंनी वर्गाला पानशेतच्या बाजूला दुर्बिणीवर नेलं. सगळ्यांना शनीची कडी बघायची होती आणि सगळे हिरमुसले. शनी कललेला आहे, त्यामुळे साधारण पंधरा वर्षांनी एकदा आपल्याला त्याची कडी अगदी कडेवरून दिसतात, आणि आम्ही नेमके त्याच वर्षी फी भरली होती. मण्यात सुई खुपसावी तशी एक बारीक रेघ. रुंदी पावणेतीन लाख किलोमीटर आणि जाडी काही ठिकाणी जेमतेम दहा मीटर, असं बाई समजावत होत्या. तात्या डोळा लावून बसले ते उठेनातच. मागे रांगेत पोरं कुडकुडत होती. शेवटी उठले आणि बाईंना म्हणाले, “रेघ सरळ आहे.” यापेक्षा मोठी स्तुती त्यांनी छत्तीस वर्षांत कुणाची केली असेल असं मला वाटत नाही.

परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न होता, ‘सूर्यमालेची आकृती काढा.’ सगळ्यांनी पंगत काढली. तात्यांनी तीस सेंटिमीटरच्या पानाच्या एका टोकाला पेन्सिलीचा एक ठिपका दिला, बाजूला ‘सूर्य’ लिहिलं आणि उरलेलं पान कोरं ठेवून खाली शेरा मारला: ‘नेपच्यून या पानात बसवल्यास इतर खातेदार या प्रमाणात दिसत नाहीत. काढल्यास खोटी नोंद होईल.’ खाली सही, दिनांक.

बाईंनी त्याला पाचपैकी पाच दिले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तात्या कॉलेजच्या ऑफिसात फेरतपासणीचा अर्ज घेऊन उभे होते. कारकुनाने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि बाईंना बोलावून घेतलं. अर्जात म्हटलं होतं की सदर आकृतीत सूर्याचा व्यास ०.०९ मिलिमीटर यावयास हवा होता, तथापि पेन्सिलीस टोक नसल्याने तो अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाचपटीहून अधिक पडला आहे, व ही बाब तपासणाऱ्यांच्या लक्षात आलेली नाही. सबब एक गुण कमी करावा ही विनंती.

“काका, राहू द्या ना,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही मोजलं होतं का?” तात्यांनी विचारलं.