कोरडे कागद, कोरडे अण्णा

सोयगावला रेल्वे नाही आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात असल्यानं जग फर्दापूरपर्यंत येतं आणि तिथूनच माघारी जातं. तरीही हल्ली तालुक्यातली माणसं क्रूझला जातात. कापसाला बरा भाव मिळालेला शेतकरी, फंडाचे पैसे हातात आलेले गुरुजी, पुण्यात नोकरीला लागलेल्या पोरानं हट्टानं पाठवलेले आईबाप. पाचोऱ्याला गाडी पकडायची, मुंबई गाठायची आणि जहाजात बसायचं. अशा प्रत्येक ग्रुपमध्ये एक अण्णा असतात.

अण्णा हे कुणा एकाचं नाव नव्हे, ते पद आहे. कुठे ते तात्या असतात, कुठे नाना, क्वचित एखादी मावशीही असते. बाकीचे लोक ‘जेवण व्हेज आहे ना?’ विचारत असतात तेव्हा जो माणूस ‘ओरिजिनल लागतील का झेरॉक्स चालेल?’ विचारतो, तो अण्णा.

ही वृत्ती काही आकाशातून पडलेली नाही. अण्णांचं अर्धं आयुष्य तहसीलच्या आवारात गेलं. सातबारा आहे तर आठ-अ नाही, आठ-अ मिळाला तर आधार लिंक नाही, सगळं जुळून आलं तर साहेब मीटिंगला. रांगेतून रिकाम्या हातानं परतलेला माणूस पुढच्या खेपेला दोन कागद जास्तच घेऊन येतो. अशा खेपा साचत साचत अण्णांची पत्र्याची पेटी भरली. तिच्यात निजामाच्या काळातल्या उर्दू पावत्या आहेत, खासरा पत्रकाची नक्कल आहे आणि पणजोबांच्या नावाचा मोडीतला एक कागद आहे, जो घरात कुणालाच वाचता येत नाही. घरचे या पेटीला रद्दी म्हणत. मग २०२३ साली सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं उघडू लागली, आणि बांधाच्या भांडणावरून बोलणं टाकलेले चुलतभाऊ पेढे घेऊन ओसरीवर हजर झाले. तेव्हापासून अण्णांना कुणी हसत नाही. निदान तोंडावर तरी.

त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव बदललं आणि अण्णांचं काम वाढलं. पासपोर्टवर औरंगाबाद, नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर, आणि सोयगावच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे वाय तर कुठे ई. लक्षद्वीपच्या हवालदाराला शंका आली तर? म्हणून नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत अण्णांच्या बॅगेत कायम असते. अजून एकाही हवालदाराला शंका आलेली नाही, पण म्हणून प्रत काढून ठेवायची?

जन्मतारखेची गंमत आणखी वेगळी. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी सरळ १ जून लिहीत. त्यामुळे साठीपुढच्या ग्रुपमध्ये निम्मी माणसं एकाच दिवशी जन्मलेली निघतात. यादी तपासणारा पोरगा चक्रावला की अण्णा पुढे होतात आणि अधिकारवाणीनं सांगतात, ‘घबराव मत भो, सब का मास्तर एकच था.’

२०२१च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागली, आणि देशातल्या देशात क्रूझ करता येते हे आपल्याकडे घरोघरी कळलं. लक्षद्वीपला जायला मात्र भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. हे ऐकल्याबरोबर अण्णांना त्या बेटांबद्दल एकदम आदर वाटू लागला.

आता कागद कोरडे ठेवण्याचं शास्त्र. इथे अण्णांची चेष्टा करणाऱ्यांनी जरा ऐकावं, कारण माणूस बरोबर बोलतो. बाजारातल्या वॉटरप्रूफ पाऊचवर अण्णांचा विश्वास नाही. ते घरी बादली भरतात, पाऊचमध्ये वर्तमानपत्राचा कोरडा कपटा घालतात, वर पाटा ठेवून पाऊच बुडवतात आणि चहा पिऊन येतात. कपटा ओला निघाला तर पाऊच दुकानदाराच्या तोंडावर. गुंडाळायच्या तोंडाची ड्राय बॅग असेल तर तोंड किमान तीन वेळा दुमडून मगच क्लिप लावायची. एकाच घडीवर भागवणाऱ्या जावयाला त्यांनी भर बंदरावर पुन्हा घडी घालायला लावली आहे. कमरेच्या पट्ट्यात नुसता पासपोर्ट ठेवायचा नाही, कारण समुद्राचं पाणी लागायच्या आधी तो घामानंच भिजतो. नव्या बुटांच्या खोक्यात सापडणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सून फेकून द्यायची, त्या आता डब्यात जमा होतात.

आणि झेरॉक्स. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यात पसरते. झेरॉक्स आणि लेझरचा टोनर कागदावर उष्णतेनं वितळून चिकटलेला असतो, तो पाण्यानं हलत नाही. पोरानं पुण्याहून प्रिंट काढून आणलेलं तिकीट अण्णांनी वाटीभर पाण्यात बुडवून त्याला दाखवलं. पोरगा तिकिटाकडे पाहत राहिला. अण्णा म्हणाले, ‘जा, तहसीलसमोरून काढून आण.’

लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. प्रवाळाच्या कड्यामुळे आतलं पाणी उथळ, म्हणून जहाज बाहेर थांबतं आणि माणसं लहान होडीतून बेटावर जातात. कागद भिजतात ते इथेच. जहाजातून होडीत पाय टाकताना लाट येते, होडी वर उचलली जाते, आणि मागच्या खिशातलं आधार कार्ड मालकाच्या आधी ओलं होतं. आधारचं पीव्हीसी कार्ड २०२०मध्ये ५० रुपयांत मिळू लागलं तेव्हा अण्णांनी अख्ख्या भावकीचा अर्ज भरला होता, तो याच क्षणासाठी असावा.

बेटावर उतरल्यावर मंडळी पाण्यात पळतात. कुणी स्नॉर्केलिंगला, कुणी काचेच्या तळाच्या होडीत. अण्णा नारळाखाली बसतात. भोवती चपलांचे ढीग, मोबाईल, चष्मे, दोन कवळ्या आणि सगळ्यांचे कागद. पंढरपूरला चंद्रभागेकाठी, पैठणला गोदेकाठी, त्र्यंबकला कुशावर्तावर ते असेच बसले होते. घरातले सगळे न्हाऊन पुण्यवान झाले, अण्णा पिशव्या राखत कोरडे राहिले.

‘अहो, पाय तरी बुडवा!’ काकू पाण्यातून ओरडतात.

‘आधी तुझं शिप कार्ड दाखव.’

काकू ब्लाउजमधून कार्ड काढून उंच धरतात, आणि मग संसार पुढे चालू.

या कार्डापुढे काकूंचंही काही चालत नाही. जहाजातून उतरताना आणि चढताना ते स्कॅन होतं, पडद्यावर फोटो दिसतो, आणि कोण आत आहे, कोण बाहेर, हे जहाजाला त्यावरूनच कळतं.

परदेशी गेल्यावर अण्णांना खरा हुरूप येतो. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणारी क्रूझ असेल तर व्हिसा पुन्हा प्रवेशाची मुभा देणारा हवा, हे ते एजंटाला समजावतात. पुष्कळ जहाजांवर पासपोर्ट चढतानाच जमा करून घेतात आणि किनाऱ्यावर प्रवासी फक्त कार्ड आणि झेरॉक्स घेऊन फिरतो; काही बंदरांत मात्र मूळ पासपोर्ट जवळ लागतो. हे दर बंदरी विचारावं लागतं आणि अण्णा दर बंदरी विचारतात, कधी कधी दोनदा. पासपोर्ट हरवलाच तर पोलिसांत तक्रार करून भारतीय दूतावास गाठायचा. तिथे मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परत येण्यापुरतं असतं, पुढची बंदरं विसरायची. पासपोर्ट भिजला तर इस्त्री फिरवायची नाही, पानं टिपून सावलीत वाळवायची, आणि घरी आल्यावर नवा काढायला टाकायचा. नव्या ई-पासपोर्टात चिप असते म्हणून अण्णा तो वाकवूही देत नाहीत. वर एवढंही ऐकवतात की पासपोर्ट आपल्या मालकीचा नसतोच, तो भारत सरकारचा, तसं त्यातच छापलेलं आहे.

कटकट आहे, यात वाद नाही. सूर्यास्ताच्या वेळी डेकवर उभं राहून ‘सगळ्यांचे पासपोर्ट मोजू या’ म्हणणारा माणूस कुणालाही नकोसाच होतो. पण फाइल हरवलेल्या ग्रुपचा परतीचा प्रवास ज्यांनी एकदा केला आहे, ते पुढच्या सहलीला अण्णांची सीट आधी बुक करतात आणि मग स्वतःची.

तुमच्या ग्रुपमध्ये असे कुणी असतील तर खुशाल चेष्टा करा. फक्त बेटावर पोहोचल्यावर दहा मिनिटं त्यांची बॅग तुम्ही सांभाळा आणि त्यांना एकदा पाण्यात जाऊ द्या. आणि हो, निघण्याआधी आपल्या पासपोर्टची एक प्रत त्यांच्याकडे देऊन ठेवा. लेझरची.