ज्येष्ठांचे विज्ञान मंडळ काढण्याची शास्त्रोक्त रीत

येडगावात विज्ञान मंडळ काढायचे तर आधी अध्यक्ष नेमावा. विषय काय, नंतरही बघता येतो. निवृत्त मास्तर असल्यास उत्तम. दोन असल्यास दोन मंडळे काढावीत. सभासदत्वाला अट एकच: ‘आमच्या वेळी’ हे शब्द एका बैठकीत एकदाच वापरता येतील.

बैठक हरिपाठ उरकल्यावर ठेवावी. शेतीला रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात ठेवूच नये, निम्मे सभासद मोटारीपाशी असतात. उसात बिबट्या असतो, तेव्हा परतताना उसाच्या कडेने एकट्याने येऊ नये. टोळीने, बॅटरी लावून, मोठमोठ्याने बोलत यावे. हा शेवटचा नियम आजवर कुणी मोडलेला नाही.

विषय लांबून आणू नयेत. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे प्रदर्शन भरते. तेव्हा जावे, मोबाईल बंद ठेवावा. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण रेडिओ लहरी टिपण्याचे काम चालू असताना आपल्या खिशात ‘माउली माउली’ वाजू नये. ‘यावर टीव्ही दिसतो का?’ हे विचारून झालेले आहे.

बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडते. ती सुमात्रातल्या टोबाची, सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीची, असे काही संशोधक म्हणतात; काही ती फार जुनी ठरवतात. विद्वानांतच एकमत नाही, तेव्हा हा विषय मंडळाला बारमाही पुरतो.

खरे काम मात्र पर्जन्यमापकाचे. दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्यावी, गळा कापून तोच उलटा बसवावा. बुडाचा खाचखळग्यांचा भाग बुडेपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची खूण करावी, वर पट्टी चिकटवावी. बाटली झाडाखाली किंवा पत्र्याच्या पागोळीखाली ठेवू नये. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर साधारण 101 लिटर पाणी, एकरावर चार हजारांच्या वर. एवढे सांगितले की भिंतीला टेकून डुलक्या घेणारा सभासदही उठून बसतो आणि आपल्या सोळा गुंठ्यांचा हिशेब मागतो.

वहीत डावीकडे पंचांगातले नक्षत्राचे वाहन लिहावे, उजवीकडे मिलिमीटर. मृगापासून हस्तापर्यंत नेमाने. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, असे पूर्वापार मानतात. हत्ती असून बाटली कोरडी राहिली तर पंचांगाला नावे ठेवण्याची घाई करू नये; आधी बाटली गळते का ते पाहावे. वाहनाच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन गट पडतातच. दोन्हीकडचा एकेक माणूस वाचनाला हजर ठेवावा.

आणि वाहन म्हैस, रात्रभर चांदणे, तरी सकाळी बाटलीत 40 मिलिमीटर निघाले, तर हवामान खात्याला कळवण्याआधी अध्यक्षांचा तांब्या तपासावा.