ओल्या केसांवर इस्त्री

"ऐकलंस का गं, समोरच्या बी विंगमधलीचे केस जळाले!"

काकूंच्या आणि आमच्या बंगल्यामधली भिंत जेमतेम छातीइतकी. पुण्यात कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत आता अशा भिंती बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात, बाकी सगळीकडे पुनर्विकासाचे पत्रे. त्यामुळे आम्ही दोघी सध्या जरा जास्तच बोलून घेतो.

"जळाले म्हणजे? कुठे?"

"डोक्यावर, आणखी कुठे! लग्न तुळशीच्या लग्नानंतर. परवा केळवण होतं, उशीर झालेला. न्हाऊन आली नि ओल्या केसांवरच फिरवला स्ट्रेटनर. चर्रर्र आवाज, वाफ, आणि उजव्या बाजूची बट हातात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिच्या आईनेच. मोहऱ्या मागायला आली होती, दृष्ट काढायला. मी म्हटलं, दृष्ट काढा खुशाल, पण आधी त्या मशीनवरचा आकडा बघा. २३० होता!"

काकूंनी उभा जन्म कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्या तरी फळा सुटलेला नाही, भिंतीवरच कोपर टेकून तास सुरू होतो. आणि विद्यार्थिनी मी एकटीच, त्यामुळे दांडी मारायची सोय नाही.

"पाणी १०० अंशाला उकळतं, एवढं तरी आठवतंय ना शाळेतलं? ओल्या केसात पाणी आतवर शिरलेलं असतं. त्यावर तापलेल्या पट्ट्या दाबल्या की आतल्या आत वाफ. तिला बाहेर पडायला वाट नाही, मग केसाच्या दांड्यात फुगे येतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतात ते. 'बबल हेअर' असं नावच आहे त्याला. जिथे फुगा, तिथे केस तुटणार."

"पण ती तर कंडिशनर लावते म्हणे. चांगला महागातला."

"तिथेच तर सगळ्यांचा घोळ आहे," काकू म्हणाल्या आणि भिंतीवरची मांजर हाकलून आणखी पुढे सरकल्या. "कंडिशनर म्हणजे औषध वाटतं लोकांना. अगं, डोक्याबाहेर आलेला केस मेलेलाच असतो. मेलेल्याला औषध कसलं? फाटे फुटले की फुटले, ते कापायचेच. कंडिशनर लावायचा तो पुढचं नुकसान कमी व्हावं म्हणून."

मग त्यांनी कारण सांगितलं. केसावर कौलांसारखी एकावर एक खपल्यांची रचना असते. उष्णता, रंग, ब्लीच, दणकून विंचरणं यांनी ती कौलं उचकटतात. असा खराब झालेला केस ऋणभारित असतो, आणि कंडिशनरमधले मुख्य रेणू धनभारित. म्हणून जिथे जास्त खराबी तिथेच तो जास्त चिकटतो, आणि पाण्याने धुतल्यावरही थोडा मागे राहतो. सोबत सीटाइल अल्कोहोल वगैरे असतं. ("नाव वाचून बिचकू नकोस, मेणासारखा घट्ट पदार्थ आहे तो.") शिवाय सिलिकोनचा पातळ थर. एवढ्याने कंगवा अडकत नाही, गुंता ओढावा लागत नाही. गरम पट्टी केसावरून घासत न जाता सरकते आणि उष्णताही जरा सावकाश आत जाते.

"सावकाश जाते म्हणाले मी, जात नाही असं नाही. २३० ला कुठला कंडिशनर टिकणार? १८० च्या वर जायचंच नाही. रंगवलेले किंवा नाजूक केस असतील तर दीडशे पुष्कळ झाले. आणि धुऊन टाकायच्या कंडिशनरवर विसंबायचंही नाही. न धुता ठेवायचा मिळतो तो, किंवा उष्णतेसाठीचाच फवारा लावायचा. तोही वाळू द्यायचा. नाहीतर पुन्हा चर्रर्र!"

इतक्यात आमच्या सासूबाई कपडे वाळत घालायला बाहेर आल्या. 'कंडिशनर' हा शब्द त्यांना ऐंशीव्या वर्षीही स्वच्छ ऐकू जातो. "आमच्या वेळी कुठे होतं असलं काही? जास्वंदीची पानं चुरायची, शिकेकाई उकळायची. माझा शेपटा कमरेखाली होता."

कोथरूडमध्ये या विषयाचे दोन पंथ आहेत: घरचं आणि बाटलीतलं. दोन्हीकडचे कट्टर. घरचंवाल्यांना बाटलीत विष दिसतं, बाटलीवाल्यांना घरच्यात अडाणीपणा. काकू मात्र दोघांचीही बाजू घेत नाहीत, त्यामुळे दोघांनाही त्या आवडत नाहीत.

"जास्वंदीचं बरोबर आहे हो तुमचं," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "पानं चुरली की जो बुळबुळीतपणा येतो, तोच केसांना गुळगुळीत करतो. म्हणजे कंडिशनरच की! शिकेकाईही किंचित आंबट, त्यामुळे खपल्या मिटून बसतात. साबणाने उलट होतं. त्यात आपल्याकडे बोअरिंगचं जड पाणी, त्यात साबण फुटतो नि केसांवर राप बसतो. खोबरेल तेलाचं तर चक्क मोजून दाखवलंय. मॅरिकोच्या, म्हणजे पॅराशूटवाल्यांच्या, संशोधकांनी २००३ साली छापलं. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल, तिन्ही केसांना लावून बघितली. धुताना केसातलं प्रथिन वाहून जातं, ते फक्त खोबरेलने कमी झालं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान नि सरळ रेणूचं असतं, ते केसात आत शिरतं. बाकीची वरच बसतात."

"पॅराशूटवाल्यांनीच खोबरेलाचं कौतुक केलं म्हणायचं," मी म्हटलं.

"केलं तर केलं. आकडे तपासून पाहायला त्यांनी कुणाला बंदी केली नव्हती."

सासूबाईंचा चेहरा खुलला. काकूंना ते बघवेना.

"पण तेल न्हाण्याच्या आधी, हं. तेलकट केसांवर मशीन फिरवायची नाही. आणि तुम्ही ते गच्चीवर तास-दोन तास केस वाळवत बसता ना, ते काही फार शहाणपणाचं नाही."

"काय म्हणता!"

"कोरियात २०११ साली प्रयोग झाला. काही केस ड्रायरने वाळवले, काही नुसते हवेवर ठेवले. ड्रायर अगदी पाच सेंटिमीटरवर धरला की ९५ अंश तापमान, केसांची सालटीच निघाली. पण १५ सेंटिमीटरवर धरून सारखा हलवत ठेवला की ४७ अंश, नुकसान सगळ्यात कमी. आणि हवेवर वाळवलेल्यांचं? त्यांची वरची खपली शाबूत, पण आतला जोडणारा थर बिघडलेला. केस फार वेळ ओला राहिला की फुगतो, त्याचा परिणाम असावा म्हणतात."

सासूबाई काहीही न बोलता उरलेले कपडे घेऊन आत गेल्या. आज संध्याकाळी आमच्या घरात काकूंचं नाव निघणार, हे नक्की.

"तिच्या आईचं काय म्हणणं पण?" मी गाडी रुळावर आणली.

"काय म्हणणार, रडतेय. केस म्हणजे बाईचं सर्वस्व वगैरे. मला तर बाई हसूच आलं. मुलगी रोज स्कूटरवरून डेक्कनला जाते ती ज्यांच्या पुतळ्यावरून, त्या अण्णा कर्व्यांनी १९०० साली विधवांचा आश्रम हिंगण्याला आणला. तेव्हा विधवेने केस राखायचे की नाही हे सगळं गाव ठरवायचं. त्याच्या आधी दहा वर्षं, १८९० मध्ये, कामगार पुढारी लोखंड्यांनी मुंबईत न्हाव्यांची सभा घेऊन ठराव केला होता, विधवांची डोकी भादरणार नाही म्हणून. आणि आता त्याच कर्वे रस्त्यावर पावलोपावली पार्लर, केसांचं काय करायचं ते पोरींच्या स्वतःच्या हातात. स्वतःच्या हाताने जाळले तर निदान दुसऱ्या कुणी भादरले नाहीत ना!"

हे मात्र तिच्या आईला ऐकवण्यासारखं नव्हतं, असं मी म्हटलं. काकूंनीही ऐकवलं नसावं. निदान मोहऱ्या तरी त्यांनी दिल्या होत्या.

"मला एक सांगा काकू, ती पावसाळ्यातही रोज केस सरळ करायची. यशवंतराव नाट्यगृहात नाटकाला भेटली होती तेव्हा बघितलं मी, मध्यंतरापर्यंत पुन्हा कुरळे!"

"होणारच. केसातले काही बंध पाण्याने सुटतात. केस ओला झाला की ते सुटतात आणि वाळताना ज्या आकारात धराल तो आकार घेतात, मशीनचं सगळं काम तेवढंच. हवेतला ओलावा लागला की पुन्हा सुटतात. कर्वे पुतळ्यापाशी सरळ निघालेली मुलगी नळ स्टॉपला पोचेपर्यंत कुरळी. मग संध्याकाळी पुन्हा मशीन! जुलैत रोज इस्त्री करणं म्हणजे विजेचं बिल नि केस, दोन्ही फुकट. वर तो सुती स्कार्फ घट्ट आवळायचा डोक्याला, त्याचं घासणं वेगळंच. पुण्याच्या पोरींना स्कार्फ सोडवत नाही, तर निदान आत कंडिशनर तरी राहू दे. आणि तो कानाखालच्या केसांना, टोकांना. टाळूवर थापला की केस चपटे होतात, मग म्हणतात कंडिशनरने केस गळले."

"मग आता लग्नाचं काय?"

"मी सांगितलं, खांद्यापर्यंत काप. सुंदर दिसेल. मुलगी तयारच होती गं. पण होणाऱ्या सासूबाईंना खोपा हवा, कपाळावर मुंडावळ्या, फोटोत नऊवारी, सगळं हवं. मग आई केसांना जोडायला गंगावन आणणार आहे तुळशीबागेतून."

"गंगावन! किती दिवसांनी ऐकला हा शब्द."

"हो ना, पण आज संध्याकाळी तू जाशील ना तिच्याकडे मोहऱ्यांची वाटी आणायला? तेव्हा एवढं सांग. स्वस्तातलं गंगावन कृत्रिम धाग्याचं असतं. त्याला सरळ करायला ती मशीन लावली तर ते जळायचं नाही, वितळून पट्टीलाच चिकटेल. आणि ती वाटी स्टीलची आहे, माझ्या नावाची. बघून आण."