अंभोऱ्याच्या गॅलरीताईंना एकोडीच्या मचाणाचे पत्र

प्रिय गॅलरीताई,

स. न. वि. वि.

मी एकोडीच्या एका धानाच्या बांधीतलं मचाण. चार बांबू, वर तणस आणि एक फाटकं घोंगडं. उंची दहा फूट. तुम्ही वैनगंगेवरच्या 705 मीटर लांब पुलाच्या माथ्यावर, चाळीस मीटरवर बसलेल्या. तुमचा जन्म 2024 चा. मला तर दर हंगामात नव्यानं बांधतात. तरी धंदा आपला एकच, माणसाला वर चढवून खाली बघायला लावायचं.

मागल्या रविवारी आमचे मालक सहकुटुंब भंडाऱ्यावरून तुमच्याकडे येऊन गेले. पोरानं वरून बोटांवर नद्या मोजल्या: वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा, कोलारी. पाच नद्यांचा संगम! पण ताई, कोणती कुठे संपते, हे तुम्हांला तरी उमगतं का? 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचं पाणी तुमच्या पायापर्यंत तुंबलंय. पाच भाज्या एकाच ताटात कालवल्यावर चव कुणाची विचारायची? मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ अंभोऱ्यालाच लिहिला असं आमच्याकडे सांगतात (आंबेजोगाईकरांचं म्हणणं वेगळं). सिंधू धरणानं करून दिला. विवेकाचं बघू.

आणि सहावी राहिलीच की! नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान तुमच्या पायाशी येते. पंगतीला आली, पण हजेरीत नाव नाही. चाळीस मीटरची उंची का ठेवली, ते मला आता कळलं. एवढ्या वर वास पोचत नसावा. बाकी पूल झाला ते बरंच झालं. डोंग्यातून पैलतीर गाठणाऱ्यांना विचारा. पाणी तुंबण्याआधी पात्रातल्या रेतीत डांगराच्या वाड्या लावणाऱ्या ढिवरांना मात्र विचारू नका, उगाच फोटो बिघडेल.

खरी तक्रार वेगळीच. तुमच्याकडून आल्यापासून मालक माझ्यावर चढतात, बॅटरी बाजूला ठेवतात आणि मोबाइलवर तुमचे फोटो बघत बसतात. परवा रात्री रानडुकरांनी बांधीचा अख्खा कोपरा लोळवला. तेवढं धान कुणाच्या नावे लिहायचं, ते उलट टपाली कळवावं.

आपलं,
मचाण
मु. एकोडी, जि. भंडारा

ता. क. कधी आलात तर शिडीची तिसरी पायरी सोडून चढा. ती फक्त दिसायला आहे.