घरातलंच स्थळ

स्पेनच्या हॅब्सबर्ग राजघराण्याला स्थळं शोधायला फार वणवण करावी लागत नसे. चौथ्या फिलिपने मुलासाठी मारियाना ही स्वतःची सख्खी भाची ठरवून ठेवली होती. १६४६ साली मुलगाच वारला. पण जुळलेली सोयरीक वाया कशी घालवायची? १६४९ मध्ये चव्वेचाळीस वर्षांचे मामासाहेब स्वतःच बोहल्यावर चढले. नवरी चौदाची.

त्यांचा मुलगा दुसरा कार्लोस. त्याच्या आईची आई ही त्याची सख्खी आत्या. म्हणजे आई झाली आतेबहीण. कुलवृत्तांत लिहिणाऱ्याचा कागद तरी वाचला असेल. कार्लोसची थोरली बहीण मार्गारिता, व्हेलाझ्केझच्या ‘लास मेनिनास’ चित्राच्या मधोमध उभी असलेली ती गोड पोर, १६६६ मध्ये व्हिएन्नाला सम्राट लिओपोल्डकडे दिली. तोही मामाच, आईचा सख्खा भाऊ. एकविसाव्या वर्षी ती गेली.

कार्लोस उशिरा बोलू लागला, उशिरा चालू लागला; जबडा इतका पुढे की घास चावता येईना. दोन लग्नं झाली, मूल नाही. एवढी वंशावळ समोर असताना दरबाराने निदान काय केलं? करणी! भूत उतरवायला पाद्री बसवले.

१७०० मध्ये तो वारला आणि गादीसाठी युरोप तेरा-चौदा वर्षं लढला. अखेर ती टिकली बूर्बाँ घराण्याच्या फिलिपकडे, म्हणजे कार्लोसच्या सावत्र बहिणीच्या नातवाकडे. हिचं लग्न फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी झालं होतं. तो तिचा आतेभाऊ. आणि मामेभाऊसुद्धा.