वाऱ्याचे भक्त, मोटरचे सेवेकरी

मुंबईत शिडाची बोट बाळगणारे गृहस्थ बोलायला लागले की पहिल्या पाच मिनिटांतच मोटरबोटींचा उद्धार होतो. "नुसती घरघर आणि डिझेलचा वास! त्यापेक्षा बेस्टची बस काय वाईट?" मग शीड, वारा आणि शांतता यांवर ते इतकं रसाळ बोलतात की ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे पोहणं शिकायचा निश्चय करावा. त्यात एखादा भाबडा विचारतो, "आणि वारा पडला तर?"

झालं. पुढचे दोन तास मोटर.

गेटवेसमोर वारा पडतो, ओहोटी पडत नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. ते बाहेर पडायला लागलं की शीड लोंबणारी बोट मालकासकट अरबी समुद्राकडे निघते. समोरून मांडव्याची लाँच, बाजूला तेलवाहू जहाज. अशा वेळी हे तत्त्वनिष्ठ गृहस्थ निमूटपणे मागे सरकतात आणि बोटीच्या पाठीला टांगलेल्या आउटबोर्ड मोटरची दोरी हातात घेतात.

ही आउटबोर्ड निवडायला त्यांना दोन हंगाम लागले होते. बोट जे-२४ जातीची. लांबी चोवीस फूट, वजन सुमारे चौदाशे किलो, पाण्याला टेकणारी लांबी वीस फूट. या विसाचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ ने गुणायचं. उत्तर येतं सहा. म्हणजे मोटर लावून ही बोट सहा नॉटच्या आसपास जाणार, फार पुढे नाही. कोणी पंधरा हॉर्सपॉवर सुचवली की गृहस्थांना गहिवरून येतं. "अहो, पंधरा लावा नाही तर पन्नास लावा. वेग तेवढाच! बोटीची शेपूट खाली बसेल आणि मागे लाटा मोठ्या उठतील, बस्स." पुढचं गुपित ते आवाज खाली आणून सांगतात. तोहात्सू या जपानी कंपनीच्या चार, पाच आणि सहा हॉर्सपॉवरच्या मोटरी एकाच १२३ सीसीच्या, एकाच सिलेंडरच्या इंजिनावर बेतलेल्या आहेत. वजनही जवळजवळ सारखंच, पंचवीस किलोंच्या आगेमागे. "म्हणजे चारची घेतली तरी पुरते!"

स्वतः त्यांनी सहाची घेतली.

मोटरच्या दांड्याच्या लांबीत मात्र त्यांनी तडजोड केली नाही. पंधरा, वीस की पंचवीस इंच? शिडाच्या बोटीचा मागचा फळा पाण्यापासून उंच असतो. दांडा आखूड घेतला तर बोट लाटेवर पुढे वाकताच पंखा हवेत घुमायला लागतो. आवाज कानठळ्या बसवणारा, प्रगती शून्य. हे टाळण्यासाठी त्यांनी टेपने माप घेतलं. टेपचं दुसरं टोक धरायला पत्नीला ठाण्याहून कुलाब्यापर्यंत आणलं होतं. पत्नीच्या मते तिची आणि समुद्राची ती शेवटची भेट.

इतिहासही त्यांना मुखोद्गत आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या एका तळ्यावर ओले एव्हिनरूड नावाचा तरुण प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला वल्ही मारत गेला, परत येईपर्यंत ते वितळलं, म्हणून त्याने होडीला मोटर लावली, अशी आख्यायिका आहे. पुढे त्याने कारखाना काढला. २०२० मध्ये त्याच्या नावाच्या मोटरी बनणं थांबलं, त्या आठवड्यात गृहस्थांनी गोड खाल्लं नाही.

पण त्यांचं खरं रूप पाहायचं तर रविवारी सकाळी त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जावं. निळ्या पिंपात महानगरपालिकेचं पाणी, पिंपाच्या काठाला अडकवलेली मोटर. आतलं खारं पाणी गोड्या पाण्याने धुतलं नाही तर मीठ साठून पाण्याच्या वाटा बुजतात, हे शास्त्र आहे. सेक्रेटरींना मात्र यात फक्त पाणीकपात दिसते. इंजिन सुरू झालं की गृहस्थ खाली वाकून एका बारीक भोकाकडे टक लावतात. तिथून पाण्याची धार आली तर थंड करणारा पंप ठीक. नाही आली तर आतला रबरी इम्पेलर गेला, किंवा बंदरातली प्लॅस्टिकची पिशवी पाणी ओढायच्या तोंडाला चिकटली. "आली! धार आली!" ही आरोळी दुसऱ्या मजल्यावर पोचते. लघवी अडलेल्या नातवंडाच्या आजोबांचाच हा आनंद.

गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर त्यांचा चेहरा उतरतो, कारण सील फुटून पाणी आत शिरलेलं असतं. आणि कार्ब्युरेटरचा विषय निघाला की ते थेट साखर कारखान्यांवर घसरतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. कोल्हापूरचा ऊस असा वळसे घेत कुलाब्यात येतो आणि सुईच्या टोकाएवढ्या जेटमध्ये अडकतो.

ससून डॉकचा मेकॅनिक हे सगळं शांतपणे ऐकून घेतो. त्याच्याकडे येणाऱ्या मासेमारी बोटी ओळखल्या जातात त्याच सिलेंडरच्या आकड्यावर.

"किती सिलेंडर, साहेब?"

"एक."

"ठेवा तिकडे. पोराला सांगतो."

पावसाळ्यात बोट काठावर चढते आणि मोटर दिवाणखान्यात येते. फोर-स्ट्रोक असल्याने ती भलत्या कुशीवर आडवी केली तर तेल सिलेंडरमध्ये उतरतं. म्हणून ती स्टँडवर उभी, पाहुणे सतरंजीवर.

नव्या हंगामात पहिल्याच फेरीला मोटर पाच मिनिटं चालली आणि बंद पडली. दोरी ओढली, चालू. पाच मिनिटांत पुन्हा बंद. गृहस्थांनी प्लग काढून पुसला. चोक तपासला. इथेनॉलला शिव्या घातल्या. कार्ब्युरेटर उघडायला पान्हा काढला, तेव्हा सोबतच्या कोळ्याच्या पोराने पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल केला. फुस्स करून हवा आत गेली आणि मोटर एका ओढीत सुरू झाली.

"मी तेच बघत होतो, तुला सापडतं का," गृहस्थ म्हणाले आणि धार बघायला वाकले.

"साहेब, वारा आलाय केव्हाचा. शीड चढवू?"

"थांब रे जरा. आत्ता कुठे छान चालतेय!"